१४० घरं, तीन कोटेशनं आणि शोधाची एक पेटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोथरूडमध्ये इस्टेट एजन्सी आहे. एका वेळी साधारण १४० मालमत्ता हातात असतात. निम्म्याहून जास्त भाड्याच्या, बाकी रीसेल आणि दोन-तीन नवे प्रकल्प. वेबसाइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट चालवायच्या तयार सॉफ्टवेअरवर आहे. शोधासाठी तीन पर्याय समोर आहेत. पहिला परदेशी रिअल इस्टेट थीममधला (साइटच्या तयार साच्यातला) शोध, दुसरा आहे त्याच साइटला फिल्टरचं प्लगइन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर), आणि तिसरा एका कंपनीने सुचवलेला नकाशा व एआयवाला 'स्मार्ट सर्च'. कोणता घ्यावा?

मधला घ्या, पण पुढच्या महिन्यात. हा महिना ऑफिसातल्या एक्सेल शीटला द्या. असं का म्हणतो ते जरा लांबून सांगावं लागेल. गेली चौदा वर्षं पुणे, नाशिक आणि ठाण्यातल्या एजंटांच्या साइट मी करतोय, आणि शोध चालत नाही म्हणून आलेल्या दहापैकी आठ तक्रारींत शोधाचा काही दोष नसतो.

आधी परदेशी थीमचं बघू. डेमो साइट बघताना भुरळ पडते, मान्य आहे. पण ती कुठल्या बाजारासाठी बनली आहे? अमेरिकेत एकेका भागातले एजंट आपली घरं एमएलएस नावाच्या सामायिक नोंदवहीत टाकतात, आणि आयडीएक्स या सोयीमुळे इतरांचीही घरं स्वतःच्या साइटवर दाखवू शकतात. म्हणजे एकट्या एजंटच्या साइटवरही हजारो घरं. ढीगच एवढा असल्यावर तीस फिल्टर लागणारच. इंग्लंडमधली रीत वेगळी आहे, पण तिथेही ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये घर एकदा नोंदलं की तिथून ते राइटमूव्हसारख्या पोर्टलवर जातं. आपल्याकडे असं सामायिक काही रुळलेलं नाही. एकच फ्लॅट पाच एजंटांकडे, पाचही जणांकडे भाव वेगळा, आणि खरी नोंदवही म्हणजे आपली डायरी आणि एजंटांचे व्हॉट्सॲप ग्रुप. त्यामुळे त्या थीममध्ये ज्या गोष्टीचे पैसे आपण मोजतो तीच इथे निरुपयोगी ठरते. तळघर, स्विमिंग पूल, झिप कोड, गॅरेज असे रकाने काढून टाकण्यात दोन दिवस जातात आणि 'पाणी कॉर्पोरेशनचं की टँकरचं' हा रकाना मात्र आपल्यालाच बसवावा लागतो.

आता १४० या आकड्याकडे या. संगणकाच्या दृष्टीने हे काहीच नाही. १४० घरांची सगळी माहिती (फोटो सोडून) एका लहानशा फोटोएवढ्या फाइलमध्ये मावते. ती पान उघडतानाच मोबाइलवर पाठवली की पुढचं सगळं गाळणं-चाळणं ब्राउझरमध्येच होतं आणि सर्व्हरला पुन्हा विचारावंही लागत नाही. 'जलद सर्च इंजिन' म्हणून कुणी इलास्टिकसर्च विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. दीड-दोन हजार घरांपर्यंत त्याची गरज पडणार नाही. एक पथ्य मात्र पाळा. भागवार पानं, म्हणजे 'कोथरूडमधले भाड्याचे २ बीएचके' अशी मोजकी पंधरा-वीस, सर्व्हरवरूनच तयार होऊन यायला हवीत, कारण गूगलवरून येणारा माणूस त्या पानांवर उतरतो. आणि फिल्टरच्या प्रत्येक जोडणीचं वेगळं पान गूगलला दिसू देऊ नका. भाग, खोल्या, बजेट, मजला, पार्किंग यांच्या गुणाकारातून हजारो जवळजवळ सारखी पानं तयार होतात आणि त्या गर्दीत कामाची पंधरा हरवतात.

वर्डप्रेसची स्वतःची शोधपेटी मात्र ठेवू नका. ती मथळा आणि मजकूर चाळते. भाव, क्षेत्रफळ, मजला हे तुम्ही वेगळ्या रकान्यांत भरता, आणि तिथे ती बघतच नाही. शिवाय वर्डप्रेस हे वेगळे रकाने मजकूर म्हणून साठवतं. याचा फटका एका ग्राहकाला असा बसला की 'स्वस्त ते महाग' अशी क्रमवारी लावली की १ कोटी २० लाखांचा फ्लॅट ८५ लाखांच्या आधी यायचा. मजकूर म्हणून तुलना केली की १ हा ८ च्या आधी येतो, एवढंच कारण. पण मालकाला वाटलं साइट हॅक झाली. त्याहून वाईट म्हणजे ऑफिसातला एक जण भाव '८५ लाख' लिहायचा, दुसरा '८५ एल', तिसरा 'पंच्याऐंशी, थोडं कमी होईल'. भाव नेहमी पूर्ण रुपयांत, नुसत्या आकड्यात भरा, ८५ लाख म्हणजे ८५ वर पाच शून्यं. लाख-कोटीत दाखवायचं काम साइटचं. 'निगोशिएबल' हा वेगळा हो-नाहीचा रकाना.

असाच एक बारीक खड्डा अडीच बीएचकेचा. परदेशी थीममध्ये खोल्यांचा रकाना पूर्ण आकडा मागतो. अडीच भरलं की कधी दोन होतं, कधी काहीच नोंदलं जात नाही. वन आरकेला तर तिथे जागाच नसते. त्यामुळे हा आकड्याचा रकाना न ठेवता ठरावीक नावांची यादी ठेवा: १ आरके, १, १.५, २, २.५, ३, ३.५, ४ आणि पुढे, रो हाउस. एकापेक्षा जास्त निवडता आलं पाहिजे, कारण दोन शोधणारा अडीच आनंदाने बघतो.

खरी मेख भागांच्या नावात आहे, आणि नेमकं तिथेच विकत घेतलेला शोध तोंडघशी पडतो.

माणूस 'वडगाव' टाइप करतो. कुठलं? वडगाव शेरी शहराच्या पूर्वेला, वडगाव बुद्रुक सिंहगड रस्त्याला, वडगाव मावळ जुन्या मुंबई हायवेवर. 'पिंपळे' टाइप केलं तर सौदागर, गुरव आणि निलख. आनंदनगर पौड रस्त्यालाही आहे आणि सिंहगड रस्त्यालाही. मग स्पेलिंग. रोमन लिपीत कोथरूड चार तऱ्हांनी लिहितात, हिंजवडीचं हिंजेवाडी करतात, वाकडचं पहिलं अक्षर कुणी डब्ल्यू टाकतं तर कुणी व्ही. देवनागरीतसुद्धा कोथरूड आणि कोथरुड, ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही चालू आहेत आणि संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. हल्ली फोनवर बोलून टाइप करणारे बरेच, त्यामुळे देवनागरी शोध वाढलेत आणि '२' हा आकडा कधी मराठी येतो, कधी इंग्रजी. शहराबाहेरचं काम असेल तर नावं बदलल्याचाही विचार करा. छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर ही नावं अधिकृत झाली, पण शोधणारे जुनंही लिहितात. दोन्ही लिहिणाऱ्यांना तीच घरं दिसली पाहिजेत.

यावर उपाय महागडा नाही. मोकळी पेटी देण्याऐवजी दोन अक्षरं टाइप करताच खाली यादी उघडावी आणि माणसाने त्यातलं नाव निवडावं. 'वड' लिहिलं की तिन्ही वडगावं, प्रत्येकापुढे 'नगर रस्ता बाजू', 'सिंहगड रस्ता', 'मावळ' अशी ओळख. प्रत्येक भागामागे त्याच्या सगळ्या स्पेलिंगांची आणि टोपणनावांची यादी. ही यादी कुठलीच कंपनी तुम्हाला देणार नाही, ती तुमच्या डोक्यात आहे. ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या माणसाला दोन तास बसवा आणि लिहून घ्या. पिनकोडवर विसंबू नका. पिनकोडची हद्द टपाल वाटपासाठी आखलेली असते. घर घेणाऱ्याच्या मनातलं कोथरूड आणि ४११०३८ हे तंतोतंत एक नाहीत. कर्वे रस्त्यावरच्या फ्लॅटला विकणारा कोथरूड म्हणतो, घेणारा एरंडवणे म्हणतो. घराला एक मुख्य भाग आणि एक-दोन 'यातही दाखवा' असे भाग जोडायची सोय ठेवा. पण हात आखडूनच जोडा. वारज्याच्या पलीकडचं घर 'कोथरूड ॲनेक्स' म्हणून खपवणारे आपल्यात आहेत, आणि पार्टी एकदा व्हिजिटला जाऊन आली की पुन्हा फोन उचलत नाही.

याच यादीबरोबर शेजारची यादीही करा. निवडलेल्या भागात घर नसेल तर साइटने शेजारचा भाग सुचवावा. पण शेजार म्हणजे काय? तयार शोध सरळ रेषेतलं अंतर मोजतो. त्या हिशोबाने कोथरूडला पाषाणची पंचवटी अगदी जवळ, मधे वेताळ टेकडी आहे हे त्याला ठाऊक नाही. टेकडी चढून कुणी रोज मुलाला शाळेत सोडत नाही. कोथरूडला खरे शेजारी म्हणजे कर्वेनगर, एरंडवणे आणि चांदणी चौकातून गेलात तर बावधन. नदीपलीकडचा सिंहगड रस्ता कर्वेनगरवाल्याला जवळ वाटतो की लांब, हे पुलावरची गर्दी ठरवते. हे हाताने भरायचं, भागाला तीन-तीन शेजारी. काम एका दुपारचं आहे, आणि माझ्या मते तुमच्या शोधातला सगळ्यात मोलाचा भाग हाच होईल.

मेट्रोचं फिल्टर मागतात लोक, विशेषतः भाडेकरू. वनाझपासूनची मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत गेली, तेव्हापासून तर जास्तच. ठेवा, पण इथेही त्रिज्या नको. प्रत्येक घराला 'चालत १० मिनिटांत: आयडियल कॉलनी' असं कुणीतरी खरं चालून भरलेलं बरं.

क्षेत्रफळाचं सांगतो, कारण यात भांडणं होतात. रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्यात (२०१६) कार्पेटची व्याख्या ठरलेली आहे. वापरता येणारी आतली जागा धरायची, आतल्या भिंती धरायच्या, पण बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची धरायची नाही. नव्या प्रकल्पात हा आकडा तयार मिळतो. १९९५ च्या सोसायटीतल्या फ्लॅटच्या करारात मात्र बिल्टअप (बाहेरच्या भिंतींसकट) लिहिलेलं असतं, मालक तोंडी सेलेबल (जिना-लिफ्टसारख्या सामायिक जागेचा वाटाही धरून) सांगतो, आणि तिन्ही आकडे एकाच रकान्यात पडले की '७०० फुटांच्या वर' हे फिल्टर म्हणजे थट्टा होते. दोन रकाने करा, आकडा आणि प्रकार. बिल्टअपवरून अमुक टक्के वजा करून कार्पेट काढायचा मोह टाळा. लोडिंग, म्हणजे कार्पेटवर चढवलेली ही जास्तीची जागा, इमारतीगणिक बदलतं आणि तुम्ही छापलेला आकडा उद्या तुमच्याच तोंडावर फेकतील. फिल्टर कार्पेटवर चालवा, आणि कार्पेट माहीत नसलेली घरं लपवू नका. खाली 'कार्पेट मोजलेलं नाही' अशा शीर्षकाखाली दाखवा. प्लॉटचं काम करत असाल तर गुंठा आणि एकर दोन्ही दाखवा. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर. साठवताना एकच एकक ठेवा.

नकाशा. कंपनीने दाखवलेलं 'बोटाने वर्तुळ काढा, आतली घरं बघा' छान दिसतं. पण तुम्हीच मला सांगा, रीसेलच्या फ्लॅटची नेमकी सोसायटी तुम्ही साइटवर टाकणार आहात का? टाकलीत की दुसरा एजंट वॉचमनला गाठून मालकाचा नंबर घेतो. म्हणून सगळे 'करिष्मा चौकाजवळ' एवढंच लिहितात, आणि मग नकाशावरच्या सगळ्या पिना एकाच चौकात ढीग करून पडतात. हवाच असेल तर घराच्या पानावर सुमारे अर्धा किलोमीटरचं वर्तुळ दाखवा आणि वर्तुळाचा मध्य खऱ्या जागेपासून सरकवून ठेवा. एका साइटवर मी असं बघितलं की स्क्रीनवर वर्तुळ होतं, पण पानाच्या कोडमध्ये खरे अक्षांश-रेखांश उघडे पडलेले. आठवडाभरात तीन मालकांना थेट फोन गेले. गूगलचा नकाशा वापरायला बिलिंग खातं जोडावं लागतं, आणि मोफत वापराची मर्यादा ओलांडली की बिल येतं. खर्चाला कमाल मर्यादा घालून ठेवा. तुमच्या भाड्याच्या घरांसाठी मी नकाशा ठेवणारच नाही.

एआयबद्दल दोनच वाक्यं. 'शाळेजवळ, शांत, लिफ्ट असलेलं ८० लाखांपर्यंत' हे वाक्य वाचून त्याने फिल्टर भरून दिले तर हरकत नाही. घराविषयी स्वतःहून उत्तरं द्यायला लागला की तुम्ही न भरलेलं पार्किंग तो ठोकून देईल आणि पार्टी तुम्हाला जाब विचारेल.

मग पहिल्या स्क्रीनवर काय असावं? विकत की भाड्याने, भाग, खोल्या, बजेट. बस. भाडं आणि विक्री यांची बजेटची यादी वेगळी हवी, आणि सरकवायची पट्टी नको. ५ हजारापासून ५ कोटींपर्यंतची एकच पट्टी मोबाइलवर अंगठ्याने हलवून बघा, म्हणजे कळेल. बजेट ८० लाख निवडलं तरी ८५ पर्यंतची घरं खाली 'थोडं वर' म्हणून दाखवा. कोण किती ताणेल हे तुम्हाला समोर बसल्यावर कळतं, साइटला नाही. बाकीचं (लिफ्ट, मजला, चारचाकी पार्किंग, पाणी, दिशा, फर्निचर, डिपॉझिट) 'आणखी' या बटणामागे. पूर्वाभिमुख दाराचं फिल्टर ठेवू का, असं एकाने विचारलं होतं. माझा स्वतःचा विश्वास नसला तरी ठेवा म्हणालो, लोक खरंच वापरतात. धर्म, जात आणि खाणं यांचं फिल्टर मात्र मी बनवत नाही. त्या अटी मालकाच्या असल्या तरी साइट तुमच्या नावाची असते. 'विद्यार्थ्यांना चालेल' ही खूण ठेवतो, कारण त्याने उन्हातान्हात हिंडणाऱ्या मुलांच्या चार चकरा वाचतात.

घराला छोटा कोड द्या आणि तो शोधपेटीत चालू द्या. पोर्टलवर जाहिरात बघून माणूस 'के २१४ आहे का' असं विचारतच येतो. व्हॉट्सॲपचं बटण असं जोडा की संदेशात तो कोड आधीच लिहिलेला असेल. 'तो गॅलरीवाला फ्लॅट' शोधण्यात तुमच्या ऑफिसातला मुलगा दिवसाचा अर्धा तास घालवत असणार.

कंपनीच्या प्रस्तावात शोधाआधी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागायची कल्पना आहे, ती खोडून टाका. घर बघायच्या आधी नंबर मागणाऱ्या साइटवरून लोक मागे फिरतात, आणि जे देतात त्यातले बरेच दुसऱ्याचा देतात. नंबर घर पसंत पडल्यावर मागा आणि कशासाठी घेताय ते तिथेच लिहा. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीवर उभा आहे. 'नवीन घर आलं की कळवा' ही सोय पहिल्या सहा महिन्यांत नको. एसएमएससाठी डीएलटी (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांची) नोंदणी लागते, व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक संदेशांना पैसे पडतात, आणि तुमच्याकडे तेवढी नवी घरं रोज येत नाहीत.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून मागून घ्या, आणि तिन्ही कोटेशनांत ती नाही: कुणी काय शोधलं आणि किती घरं मिळाली याची नोंद. नाव-नंबर नको, फक्त शोध. नाशिकच्या एका एजंटच्या नोंदीत 'तळमजला, २ बीएचके, भाड्याने' हे महिनोन्‌महिने शून्य निकालासह येत होतं. त्याने ज्येष्ठ नागरिक राहतील अशा तळमजल्याच्या घरांचे मालक मुद्दाम शोधून काढले. त्याला शोधाच्या सुविधेचा जो फायदा झाला तो एवढाच, पण तो खणखणीत होता.

नव्या प्रकल्पांसाठी महारेराचा (राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक हा सक्तीचा रकाना करा, रिकामा असेल तर पान प्रसिद्धच होऊ नये. ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोडही बंधनकारक केला आहे, त्याची जागा पानात आत्ताच ठेवा. तुमचा एजंट नोंदणी क्रमांक तळाशी कायम दिसू द्या. प्रकल्प आणि रीसेल एकाच यादीत मिसळू नका. 'पझेशन कधी' हा प्रश्न एकीकडे दोन वर्षांचा असतो, दुसरीकडे दोन आठवड्यांचा.

आता कोटेशन देणाऱ्याला बोलावून त्याच्या डेमोवर स्वतःच्या फोनवरून चार गोष्टी करून बघा. देवनागरीत 'कोथरुड' लिहा, रु ऱ्हस्व. अडीच बीएचके निवडा. २० लाखांत ३ बीएचके मागा, म्हणजे रिकाम्या निकालावर काय दिसतं ते कळेल. एखादं घर उघडून मागे या आणि फिल्टर जागेवर आहेत का बघा. शेवटच्या परीक्षेत महागड्यातले महागडे नापास होतात.

आणि शीट. तुमचे १४० म्हणजे आज सकाळी खरे किती, हे तुम्हाला सांगता येईल का? शीटमध्ये सगळ्यात डावीकडे एक रकाना घाला: मालकाशी शेवटचं बोलणं कोणत्या तारखेला झालं. माझा ठोकताळा असा की भाड्याच्या घराला २१ दिवस आणि रीसेलला ४५ दिवस उलटले की साइटने ते घर आपोआप मागे घ्यावं, आणि कुणीतरी फोन करून तारीख बदलेपर्यंत परत आणू नये. पहिल्या सोमवारी साइटवर कदाचित ६० घरंच उरतील. तेव्हा मला फोन करू नका, मालकांना करा.